पाठवणारी माणसं

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात ‘केस रजिस्ट्री असिस्टंट’ नावाचं एक पद असतं. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, नर्स असा सगळा चमू मोजून झाला की शेवटी या पदाचा नंबर लागतो. येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नोंद करायची, महिनाअखेर बेरजा मारायच्या, अहवाल वर धाडायचा, एवढंच काम. वऱ्हाडातल्या एका जिल्ह्यात मी ते कंत्राटावर बरीच वर्षं केलं. नाव, वय, गाव, निदान, औषध, पुढची तारीख हे रकाने भरताना हात आपोआप चालायचा. एका रकान्यापाशी मात्र मी थांबायची आणि समोरच्याला नीट विचारायची, “कोणी पाठवलं तुम्हाला?”

त्या रकान्यात येणारी माणसं ना रुग्ण असत, ना डॉक्टर. त्यांच्या नावानं केसपेपर निघत नसे, भत्ता निघत नसे, कधी नारळ-शालही मिळत नसे. पण ती नसती तर आमची ओपीडी म्हणजे चार खुर्च्या आणि एक टेबल. माझी नोकरी, तिच्यावर झालेलं माझ्या मुलीचं शिक्षण, आजाराविषयी मला आज जे थोडंफार कळतं ते, सगळं त्यांच्या पाठवण्यावर उभं आहे. त्यांची नावं इथे देत नाही. नाव दिलं की गाव कळतं, आणि गाव कळलं की रुग्णाचं घर सापडायला वेळ लागत नाही.

या रकान्याची मला इतकी ओढ का, याचं कारण आमच्या घरात आहे. माझे धाकटे काका १९८० च्या दशकात, कॉलेजात शिकत असताना आजारी पडले. आधी बोलणं कमी झालं. मग रात्र रात्र अंगणात येरझाऱ्या घालू लागले. विहिरीतून कुणी नाव घेऊन बोलावतंय म्हणायचे, आजीनं वाढलेल्या ताटात विष आहे म्हणून उपाशी उठायचे. आजीनं उंबरठे झिजवले. अंगारे झाले, उतारे झाले. बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईला सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमाराला तिथे मोठी यात्रा भरते आणि ‘बाहेरचं’ काढायला सगळ्या जातीधर्मांचे लोक आपल्या आजारी माणसाला घेऊन येतात. आजी काकांना घेऊन तिथेही मुक्काम करून आली.

त्या काळी औषध नव्हतं असं नाही. क्लोरप्रोमाझिन १९५२ पासून वापरात होतं. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासून उभं होतं. पण आमच्याकडे त्या रुग्णालयाला पागलखानाच म्हणत आणि तिथल्या चौकाला लोक अजूनही पागलखाना चौक म्हणतात. घरातलं माणूस तिथे नेलं की घरातल्या मुलींची लग्नं अडली, असा हिशेब होता. कायदाही १९१२ चा, कोर्टकचेरीच्या वाटेनं जाणारा. १९८७ साली नवा कायदा झाला, पण तो लागू व्हायला १९९३ उजाडलं.

शेवटी वाट दाखवली ती गावच्या पोस्टमास्तरांनी. आजोबा मनिऑर्डरीच्या कामाला पोस्टात गेले होते. मास्तरांनी त्यांना आत बसवून घेतलं आणि स्वतःच्या बहिणीची हकीकत सांगितली, जी त्यांनी गावात कुणाला कळू दिली नव्हती. बहिणीला नागपूरला दाखवलं होतं, गोळ्या चालू होत्या, ती घरी परतून सासूच्या हाताखाली स्वयंपाक करत होती. “भरती नसन करायचं तं नका करू भाऊ, पण एकदा दाखवून तं आना,” एवढंच म्हणाले. त्यानंतर काका नागपूरला गेले. पूर्ण बरे झाले नाहीत, पण विहिरीतल्या हाका थांबल्या आणि ते शेवटपर्यंत घरच्या पंगतीत जेवले. आमच्या घरावरचं हे पहिलं ऋण. त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

मी रुजू झाले तोवर उपचार गावापर्यंत नेण्याची कल्पना जुनी झाली होती. १९७५ च्या सुमाराला बंगळूरच्या निम्हान्सनं जवळच्या सकलवाड्याला आणि चंदीगडच्या पीजीआयनं हरयाणातल्या रायपूर राणीला हे काम सुरू केलं. देशात मनोविकारतज्ज्ञ मोजके, म्हणून गावच्या आरोग्य कर्मचाऱ्यालाच ठळक आजार ओळखायला आणि ठरलेली औषधं चालू ठेवायला शिकवायचं, असा तो विचार. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, पुढे कर्नाटकातल्या बेल्लारीत तो अख्ख्या जिल्ह्यावर चालवून पाहिला आणि १९९६ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत न्यायला सुरुवात झाली. आमच्या वाट्याला तो आला तो असा: सिव्हिलमध्ये रोजची ओपीडी आणि ठरलेल्या वारी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात शिबिर. जीपमध्ये औषधांचे खोके, रजिस्टर, सिस्टर, मी आणि मॅडम. मॅडम म्हणजे आमच्या मनोविकारतज्ज्ञ.

पहिले काही महिने आमच्याकडे बहुतेक फिटचेच रुग्ण आले. मिरगी लपवता येत नाही. माणूस बाजारात, शाळेत, चुलीजवळ पडतो, दहा जण पाहतात, कुणीतरी दवाखान्यात आणतं. त्याखालोखाल आले ते फार बिघडलेले, दोरीनं बांधून आणलेले तरुण. ‘कोणी पाठवलं’ या रकान्यात तेव्हा दोनच शब्द असायचे: ‘नातेवाईक’ आणि ‘पोलीस’. रात्ररात्र जागणारी सून, बोलणं सोडलेला शेतकरी, बाळंतपणानंतर लेकराकडे ढुंकून न पाहणारी आई, यातलं कुणी आमच्यापर्यंत येत नव्हतं. ती माणसं गावात नव्हती असं थोडंच आहे?

ती आमच्यापर्यंत आणली एका आशाताईनं. ग्रामीण रुग्णालयात ती लसीकरणाचे कागद द्यायला आली होती. व्हरांड्यात आमची रांग पाहून तिनं मला विचारलं, “इथं कशाचे पेशंट येतेत जी?” मी शिकवल्याप्रमाणे सांगितलं: मानसिक आजार. तिनं मान हलवली आणि म्हणाली, “असं सांगान तं कोनीच नाही येनार.” पुढच्या शिबिराला ती तीन बायांना घेऊन आली. तिघी कितीतरी दिवस तिच्याकडे लोहाच्या गोळ्या मागत होत्या. कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, हातपाय गळून जातात, एवढंच सांगत होत्या. मॅडमनी एकेकीला आत बसवून विचारलं. दोघींना औदासीन्याचा आजार होता. तिसरीचा नवरा दारू पिऊन मारत होता, तिला गोळीपेक्षा संरक्षण अधिकाऱ्याची गरज जास्त होती. मॅडम मला नंतर म्हणाल्या, गोव्यात विक्रम पटेल यांच्या गटानं बायकांच्या तक्रारींचा अभ्यास केला, तेव्हा ‘पांढरं जातं’ या तक्रारीमागे जंतुसंसर्गापेक्षा मनावरचा ताण आणि घरातला जाच पुष्कळदा सापडला होता. ताईनं तो अभ्यास वाचलेला नव्हता. तिनं त्या बाया वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या.

तिची पद्धत मी तिच्या मागे हिंडून शिकले. “येडं कोन हाये असं इचारलं तं लोकं दार लावून घेतेत,” ती म्हणायची. “झोप कोनाले येत नाही, जेवनावरून मन कोनाचं उडालं, असं इचाराचं.” ती ओट्यावर बसायची, आधी लेकराचं वजन, मग कपाशीचा भाव, मग हळूच झोप. २०१५ साली सरकारनं शेतकरी आत्महत्यांचं प्रमाण जास्त असलेल्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला आणि आशांनी घरोघर जाऊन नैराश्याची चौकशी करायचं ठरलं, तेव्हा प्रश्नावली हातात आली. प्रश्नावली उपयोगी असतेच, पण ती ओट्यावर कशी उघडायची हे आम्हाला या ताईनं दाखवलं. तिच्या गावातून आमच्याकडे माणसं येऊ लागली, मग शेजारच्या गावांतल्या आशा तिला विचारू लागल्या, आणि माझ्या रजिस्टरची पानं भराभर संपू लागली.

याच सुमाराला एक बैठक झाली. तिमाही आढाव्यात आमच्या तालुक्याचा आकडा दुपटीच्या वर गेलेला पाहून एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी विचारलं, “काय हो, तुमच्या भागात लोकांना वेड लागायची साथ आली की काय?” सभागृहात हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. उठून फळ्यापाशी गेल्या आणि खडूनं १००० हा आकडा लिहिला.

त्यांनी तेव्हा जे समजावलं, त्यावर मी पुढची सगळी वर्षं आकडे वाचले. इंग्लंडात डेव्हिड गोल्डबर्ग आणि पीटर हक्सली यांनी १९८० साली एका पुस्तकात हा हिशेब मांडला होता. हजार माणसं घ्या. वर्षभरात त्यांतल्या साधारण २५० जणांना मनाचा काही ना काही त्रास होतो. त्यांतले २३० डॉक्टरकडे जातात, बहुतेक पोटदुखी, डोकेदुखी घेऊन. डॉक्टरला त्यांतल्या १४० जणांचा त्रास मनाचा आहे हे ओळखू येतं. मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले जातात फक्त १७, आणि रुग्णालयात भरती होतात ६. एकाखाली एक चार चाळण्या लावल्यासारखं हे आहे. पहिली चाळणी माणूस दवाखान्यात जातो की नाही ही, दुसरी डॉक्टरला कळतं की नाही ही, तिसरी तो पुढे पाठवतो की नाही ही आणि चौथी भरतीची. “साहेब,” मॅडम म्हणाल्या, “आपण सगळ्यात खालच्या चाळणीत काय पडलं ते मोजतो आणि वर धान्य किती होतं ते त्यावरून ठरवतो. आशाताईनं फक्त पहिल्या चाळणीची भोकं मोठी केली आहेत.” शिवाय इंग्लंडातली पहिली चाळणी आपल्यापेक्षा कितीतरी सैल, कारण तिथे प्रत्येकाला ठरलेला डॉक्टर असतो. आपल्याकडे बहुतेक सगळे त्या पहिल्याच चाळणीत अडकतात. पुढे २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आकडा आपल्यालाही लागू पडावा असाच होता: आजारानुसार शंभरातले ७० ते ९२ रुग्ण उपचाराविना.

मॅडमच्या म्हणण्याला पुरावा पुढे शेजारच्याच जिल्ह्यातून आला. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालला होता. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लहान लहान बैठका घेतल्या, समुपदेशकांनी घरी जाऊन बोलणं केलं, गरज पडेल तिथे मनोविकारतज्ज्ञ. २०१७ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे आधी शंभरात ४.३ होते, दीड वर्षाच्या कामानंतर २७.२ झाले. याच काळात त्या गावांत नैराश्याचं प्रमाण मात्र १४.६ टक्क्यांवरून ११.३ वर आलेलं दिसलं आणि जीव द्यावासा वाटणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास घटलं. मदतीपर्यंत पोचणारे सहापट झाले आणि आजार उलट थोडा उतरला. हा लेख मॅडमनी छापून काढला, वरच्या ओळींखाली रेघा मारल्या आणि बैठकीच्या फायलीत पहिल्या पानावर लावला.

नोकरीतलं पहिलं ऋण आशाताईचं, तर दुसरं सिव्हिलच्या अपघात विभागातल्या एका ब्रदरचं आहे. वऱ्हाडात कीटकनाशक प्यायलेल्या माणसाविषयी ‘औषध पिलं’ म्हणतात. असे रुग्ण त्याच्या हातून रोज जात. पोट धुणं, ॲट्रोपिन, जगला तर सुट्टी. कागदावर बहुतेकदा ‘फवारताना चुकून पोटात गेलं’ असंच लिहिलेलं असे, कारण खरं लिहिलं तर पोलीस केस आणि भारतीय दंड संहितेचं ३०९ कलम. त्यामुळे मनोविकार विभागाकडे यांतलं जवळजवळ कुणी पाठवलं जात नसे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली आला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ११५ व्या कलमानं ठरवलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य. कायदा झाला म्हणून वॉर्डात कुणी लगेच बदलत नाही. या ब्रदरनं ते कलम टाइप करून ड्यूटी टेबलाच्या काचेखाली ठेवलं. नातेवाईक घाबरून खोटं बोलू लागले की तो त्यांना काच दाखवायचा. मग चिठ्ठी लिहायचा, आणि रुग्ण वॉर्डातून सुटण्याआधी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून आमच्या खोलीत घेऊन यायचा. सुट्टीनंतर पाठवलेला माणूस येत नाही, हे त्यानं आमच्याआधी ओळखलं होतं.

तिसऱ्या माणसासाठी माझ्या रजिस्टरात शीर्षकच नव्हतं. स्वतः, नातेवाईक, आशा, वैद्यकीय अधिकारी, पोलीस, इतर, एवढेच पर्याय छापलेले. एका गावचे देवऋषी आजोबा ‘इतर’मध्ये गेले. त्यांच्याकडे अमावास्येला गर्दी असे. सामाजिक कार्यकर्ता असलेले आमचे दादा त्यांना भेटायला गेले तेव्हा मला वाटलं होतं, भांडण होणार. २०१३ साली आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झालेला, वातावरण तंग. त्याआधी, ६ ऑगस्ट २००१ ला, तामिळनाडूत एरवाडीला आग लागून साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून गेले, हेही आम्ही विसरलो नव्हतो. पण दादांनी वाद घातला नाही. कुणाला बांधू नका, मारू नका, उपाशी ठेवू नका, आणि आठ दिवसांत उतार नाही पडला तर आमच्याकडे धाडा, एवढंच बोलले. आजोबांनी बराच वेळ विचार करून विचारलं, “मी धाडला तं तुम्ही मले हसान तं नाही?” कुणी हसलं नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनाव्याला मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुवा’ नावानं मनोविकाराची ओपीडीच दर्ग्याच्या आवारात चालवली गेली. आमच्याकडे एवढी सोय झाली नाही. आमच्याकडे एक आजोबा अंगारा लावून झाल्यावर म्हणायचे, “आता बुधवारी आरएचले जाय.” आरएच म्हणजे ग्रामीण रुग्णालय. त्यांनी पाठवलेले रुग्ण औषध मध्येच सोडत नसत. आजोबांनीच सांगितलं म्हटल्यावर घरात दुसरं कोण बोलणार?

चौथं ऋण एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचं आणि एका फार्मासिस्टभाऊंचं. ते एकत्र सांगते, कारण त्या दोघांमुळे मला घसरणारा आकडा वाचता आला. डॉक्टरांनी आमचं प्रशिक्षण मनावर घेतलं. आधी ते झोप नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला आमच्याकडे पाठवत. वर्षभरात ते साधं नैराश्य, घाबरेपण, स्थिरावलेला स्किझोफ्रेनिया स्वतःच सांभाळू लागले आणि त्यांच्या केंद्रातून येणाऱ्या चिठ्ठ्या निम्म्यावर आल्या. त्याच सुमाराला दुसऱ्या एका केंद्राच्या चिठ्ठ्याही तेवढ्याच घटल्या. बैठकीत दोन्ही केंद्रांना एकाच सुरात जाब विचारला गेला. कागदावर दोन्ही आकडे सारखे होते. मॅडम मला म्हणाल्या, “चिठ्ठ्या बघू नकोस, जुने रुग्ण कुठे गेले ते बघ.” मी दोन्हीकडची जुनी नावं काढली. पहिल्या केंद्रात जुने रुग्ण महिन्याच्या महिन्याला औषध नेत होते. दुसरीकडे तेही गळाले होते. तिथे रिस्पेरिडोन संपलं होतं. गोळीसाठी वीस किलोमीटर आलेला माणूस एकदा रिकाम्या हातानं परत गेला की तो पुढच्या महिन्यात येत नाही, आणि त्याच्या शेजाऱ्यालाही येऊ देत नाही.

आमच्या तालुक्यात असं क्वचित झालं, ते फार्मासिस्टभाऊंमुळे. पुरवठ्याच्या आधी आठ दिवस ते साठावहीवर बोट ठेवून बसायचे. पट्ट्या कमी दिसल्या की इतर तालुक्यांत फोन लावायचे, “तुमच्याकडे फ्लुओक्सेटीन पडून आहे का? माझ्याकडचं पॅसिटेन घ्या.” कधी एसटीच्या कंडक्टरकडे खोका देऊन मागवायचे. त्यांनी एकही रुग्ण पाठवला नाही, म्हणून ते माझ्या रकान्यात नाहीत. पण त्या रकान्यातली किती नावं त्यांच्यामुळे दुसऱ्यांदा दिसली, ते मला माहीत आहे. दोन्ही केंद्रांची जुनी नावं काढली त्या दिवसापासून मी समासात पेन्सिलीनं एक जादा रकाना आखला: तीन महिन्यांनी औषधावर आहे की नाही. अहवालात तो कुणी मागत नव्हतं. मॅडम मात्र आधी तोच बघायच्या.

पाठवलेला प्रत्येक माणूस आजारी असतो असंही नाही. पीक गेलं, सावकार दारात, पोरीचं लग्न तोंडावर, असा माणूस रडला तर त्याला रोगी ठरवायचं का? मॅडम अशांना गोळी लिहीत नसत. दादांच्या हाती उलटी चिठ्ठी देत: तहसीलला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, बँकेत कर्ज पुनर्गठनाची विचारणा, कुणाला दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी मेडिकल बोर्ड. या चिठ्ठ्यांची बेरीज कुठल्याच अहवालात येत नाही. पण त्यामुळे पाठवणाऱ्याचा आमच्यावरचा विश्वास टिकायचा. आशाताईनं आणलेल्या माणसाला नुसती झोपेची गोळी देऊन परत धाडलं असतं, तर तिनं पुन्हा कुणाला आणलं नसतं.

सगळ्यात मोठं ऋण एका मायचं आहे. तिचा मुलगा बांधून आणलेल्या त्या पहिल्या तरुणांपैकी एक. महिन्याच्या इंजेक्शनवर तो हळूहळू सावरला. पुढे ती एकटी येईनाशी झाली. दर शिबिराला सोबत कुणी ना कुणी: जाऊ, भाचा, बाजारात भेटलेली अनोळखी बाई. रकान्यात मी लिहायची, ‘रुग्णाची आई’. ती लोकांना काय सांगते, हे मी एकदा तिला विचारलं. “काही नाही सांगत बापा. पोराले दाखवतो. पाहा म्हनतो, कापूस येचाले जाते आता.” आशाताईची ओळख, ब्रदरचं कलम, आमची पत्रकं यांना कुठे ना कुठे नकार मिळायचा. या मायला नकार देणारं मला कुणी दिसलं नाही. पोस्टमास्तर आमच्या आजोबांशी जे एकदाच बोलले होते, ते ही बाई दर आठवड्याच्या बाजारात करत होती.

तिच्याकडे पाहून मॅडमनी मला इंग्लंडचा आणखी एक अनुभव सांगितला होता. १९५७ साली तिथल्या वर्दिंग गावात डॉ. जोशुआ कार्स यांनी रुग्णालयाबाहेर, घरी जाऊन उपचार द्यायला सुरुवात केली. ग्रेलिंगवेल रुग्णालयात तिथून होणाऱ्या भरती निम्म्याहून जास्त घटल्या. सगळ्यांनी वाखाणलं. पण पुढे त्याच भागात चिचेस्टरला पीटर सेन्सबरी आणि जॅकलिन ग्रॅड यांनी घरच्यांची विचारपूस केली, तेव्हा रुग्ण घरी ठेवणाऱ्या सेवेत कुटुंबाचा भार तितकासा हलका झाला नव्हता, असं दिसलं. भरतीचा आकडा खाली येतो, तेव्हा त्या खाटेवरचं काम कुणाच्या तरी घरात गेलेलं असतं. आमच्याकडे ते या मायच्या घरात गेलं होतं. मुलाला वेळेवर गोळी, रात्री उठून पाहणं, मजुरी बुडवून शिबिर, आणि वर दुसऱ्यांचे आजारी घेऊन येणं. आमच्या अहवालातलं यश पुष्कळसं तिच्या बुडालेल्या रोजांवर उभं होतं.

आता १४४१६ हा टेलीमानसचा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो चालतो, दिवसरात्र, फुकट. मी तो भेटेल त्याला देते. पण विहिरीतून हाका ऐकणारा तरुण स्वतः फोन लावत नाही, आणि सासूसमोर सून लावू शकत नाही. तिथे ओट्यावर जाऊन बसणारं कुणी लागतंच. आशांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे, आणि आमच्या ताईनं आजारी माणसांच्या घरी घातलेल्या कितीतरी फेऱ्यांचा एक रुपया तिला मिळाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. माझं ऋण मी असं चार पानांत मांडू शकते. सरकारचं ऋण त्या मोबदल्याच्या यादीतच मांडावं लागेल, आणि तेही जपून. चिठ्ठीमागे पैसे ठेवले तर नुसत्या चिठ्ठ्या वाढतील. पैसे ठेवायचे ते तिसऱ्या महिन्यात माणूस औषधावर आहे की नाही हे बघायला ती गेली, त्या फेरीमागे.

नोकरी सुटल्यावर मी ताईला भेटायला गेले तेव्हा हे सगळं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पदरानं हात पुसले आणि म्हणाली, “पैसे तं द्याच जी. पन त्याच्या आंधी गोळ्या टाइमावर पाठवा. गोळ्या नसल्या तं मी कोनत्या तोंडानं कोनाले पाठवू?”